लिंबावरची दोन मडकी

बाभुळखेड्यात माणूस गेलं की पहिला फोन डॉक्टरला जातो आणि दुसरा वनाभाऊला. डॉक्टर कधी येतो, कधी येत नाही. वनाभाऊ येतोच. बांबू कुणाच्या बांधावरचे तोडायचे, सुक्या गोवऱ्या कुणाकडे मिळतील, सुरतेहून मुलगी निघाली असेल तर किती वेळ थांबायचं, खांदा कुणी द्यायचा, सगळं त्याच्या डोक्यात. एकतीस वर्षं झाली या गोष्टीला. कुणी नेमलं नव्हतं त्याला. पण एखाद्याला एखादं काम जमतं हे गावाला कळलं की संपलं, गाव ते त्याच्या गळ्यात बांधून मोकळं होतं. लग्नाच्या पंगतीत मात्र त्याला कुणी पुढे बसवत नाही. याला बघितलं की सरण आठवतं म्हणे. वा रे गाव!

वना आता बासष्टचा. गुडघे बोलायला लागलेत, आणि मुख्य म्हणजे मन थकलंय. बायको म्हणते, "बस करा आते, दुसरा कोनी करी." तो हो म्हणतो, आणि फोन वाजला की चप्पल शोधतो.

डिसेंबरात फोन वाजला तेव्हाही त्यानं आधी चप्पलच शोधली. पण कुणी गेलं नव्हतं. पुण्याहून सारिका बोलत होती.

"वनाकाका, आईचा हिरा आला. रविवारी जळगावला अंगठीत बसवून घेणार आहे. तुम्ही याच. तुमच्याच हातून तर आई मला मिळाली."

वनानं "येसू बेटा" म्हणून यायचं कबूल केलं, फोन ठेवला आणि ओट्यावर बसून राहिला. आठ महिने तो या फोनची वाट बघत होता आणि येऊ नये म्हणून देवाला विनवतही होता. कारण तो हिरा सारिकाच्या आईचा नव्हता. हे अख्ख्या जगात एकट्या वनाला ठाऊक होतं.

आता हे कसं झालं ते नीट सांगायला हवं.

एप्रिलच्या एकाच आठवड्यात गावातल्या दोन बाया गेल्या. मंगळवारी सुंदरबाई, गुरुवारी कमलबाई. दोघी एकाच भाऊबंदकीतल्या जावा, समोरासमोर दारं, आणि चोवीस वर्षं एकमेकींशी चकार शब्द नाही. कारण एक अंगठी. चुलतघरी लग्न होतं, अंगणात खापरावर मांडे चालले होते. पुरणाला हात घालायच्या आधी सुंदरबाईनं बोटातली सोन्याची अंगठी काढून कोनाड्यात ठेवली. शेजारी कणीक मळायला कमलबाई होती. संध्याकाळी कोनाडा रिकामा. सुंदरबाईनं चार बायकांत तिच्याकडे बोट दाखवलं, "आठे हाईच व्हती." कमलबाईनं सोळा वर्षांच्या प्रेमराजच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पण तिच्या अंगावर तांब्याचा मणी नव्हता, सुंदरबाईच्या घरी ट्रॅक्टर होता, मग शपथ कुणाची खरी ठरणार? तेव्हापासून कमलबाईचं गावात दुसरं नाव पडलं, अंगठीवाली. कुंदाबाईनं पाडलं ते. ती म्हातारी अजून आहे आणि तिची जीभही अजून आहे.

सुंदरबाईचं वर्षभरापूर्वी धुळ्याला खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. स्टीलचा दांडा आणि वर गोळा. तिसऱ्या दिवशी वना राख सावडायला बसला तेव्हा दांडा एकीकडे आणि लिंबाएवढा गोळा एकीकडे, दोन्ही शाबूत. दांडा मडक्यात मावेना, तो त्यानं तिथंच पुरला. गोळा मात्र अस्थींबरोबर मडक्यात टाकला. बाईसोबत चालला-फिरला, बाईसोबत जाऊ दे म्हणाला.

कमलबाईची राख सावडली शनिवारी. प्रेमराज हा तिचा एकुलता एक, पारोळ्याच्या मार्केट यार्डात हमाली करतो. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा गडी, पण राखेपुढे बसून लहान पोरासारखा रडत होता. वना अस्थी वेचत होता आणि हा ओंजळीओंजळीनं राख भरत होता. वना म्हणाला, बास रे, बाकीची नदीत सोडू. तर म्हणे, "मायनी चिमूटभर बी आठे ऱ्हावाले नको." मडकं काठोकाठ भरलं, दाबून भरलं.

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. मडक्याला पांढरं फडकं बांधायचं आणि स्मशानातल्या कडुलिंबाला टांगायचं, पाण्यात सोडायला नेईपर्यंत. वनाची त्यात एक पद्धत होती. पुरुषाच्या मडक्याला दोन गाठी, बाईच्या मडक्याला एक. एकतीस वर्षं या दोन गाठींवर बिनचूक चालली. एकाच वेळी दोन बाया लिंबावर कधी आल्याच नव्हत्या. त्यानं एकीला पूर्वेच्या फांदीवर ठेवलं, दुसरीला पश्चिमेच्या, आणि घरी जाऊन झोपला.

शनिवारी दुपारनंतर वावटळ सुटली. हिलाल तिथं शेळ्या चारत होता. भला माणूस. फांद्या हलायला लागल्या, मडकी फुटतील म्हणून त्यानं दोन्ही उतरवली, पत्र्याखाली मांडीत धरून बसला, आणि वारा पडल्यावर दोन्ही परत टांगली. एकाच फांदीवर, शेजारी शेजारी; वनाला त्यानं हे मागाहून सांगितलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा दोघी इतक्या जवळ आल्या असतील.

रविवारी सकाळी सारिका लिंबाखाली उभी. सारिका म्हणजे सुंदरबाईची एकुलती एक मुलगी, पुण्यात मोठ्या नोकरीला. आई गेली तेव्हा ती पोचली नव्हती, सरण विझत आलं तेव्हा पोचली. ती लागलीच म्हणाली, आईला पाण्यात सोडणार नाही. सुरतेला एक लॅब आहे, राखेतला कार्बन काढून त्याचा हिरा करतात, मी आईचा हिरा करणार. भाऊबंदकीत गदारोळ. माणूस पाण्यात गेलं नाही तर सुटत नाही, हे काय नवीन खूळ! शेवटी वनाच मध्ये पडला. म्हणाला, तिची आई आहे, तिला ठरवू द्या. खरं तर ते म्हणताना त्याच्या जिवावर आलं होतं. कारण सुंदरबाई जिवंतपणी त्याला दहादा म्हणाली होती, "वना, माले तापीमा टाक रे भो. बठ्ठी जिंदगी चुल्हापुढे गयी, मरावर तरी गार लागू दे." पण रडणाऱ्या लेकीपुढे मेलेल्या बाईचं म्हणणं कोण काढणार?

तर सारिका उभी, अमळनेरहून सुरतेची गाडी तासाभरात, आणि फांदीवर दोन सारखी मडकी. एकेक गाठ. वनानं दोन्ही उतरवली, दोन हातांत धरली. एक जड लागलं. तो मनाशी म्हणाला, सुंदरवहिनी अंगानं भारी, शिवाय पोलादाचा गोळा आत. हेच. जड मडकं त्यानं सारिकाच्या ओंजळीत दिलं.

एकदा हलवून बघितलं असतं तरी गोळा खडखडला असता. पण माणसाला काय हलवून बघतात? फडकं सोडून आत डोकावता आलं असतं. पण एकदा बांधलेलं नदीवरच सोडायचं, मध्ये उघडायचं नाही, हा त्याचाच नियम. एवढं सगळं खरं, आणि त्याच्या वरती खरं हे की तो थकला होता. आठवड्यात दोन सरणं रचून माणूस थकतो. जड मडकं हाती लागलं, पोरीला गाडी गाठायची होती, देऊन टाकलं.

त्याच दुपारी तो प्रेमराजला घेऊन तापी-पांझरेच्या संगमावर गेला. प्रेमराज कमरेएवढ्या पाण्यात, पाठ प्रवाहाकडे, डोळे मिटलेले. वनानं फडकं सोडलं, आणि वरच्या राखेतून गोळ्याची गोलाई चकाकली.

तोंड उघडलं होतं वनानं, अगदी शब्द ओठावर आला होता. पण समोर प्रेमराज म्हणत होता, "जाय व माय. फिरीसन देखू नको. आठे तुनं काही ऱ्हायनं नही." ते ऐकल्यावर काय बोलणार? वनानं गोळा मुठीत घेतला, खिशात टाकला आणि मडकं प्रेमराजच्या हाती दिलं. राख पाण्यात गेली तेव्हा तो ओठातल्या ओठात पुटपुटला, "सुंदरवहिनी, जाय. तुनं तरी मनासारखं व्हयनं."

म्हणजे बघा, सुंदरबाई तापीत गेली, जिथं तिला जायचं होतं. आणि कमलबाई, जिला कुठं जायचंय हे उभ्या जन्मात कुणी विचारलं नाही, ती वैरिणीच्या लेकीच्या मांडीवर बसून सुरतेला निघाली होती.

वनानं दुसऱ्याच दिवशी सांगायला हवं होतं. तो रोज ठरवायचा. सकाळी स्टँडवर प्रेमराज भेटायचा, "काका, चहा ले" म्हणायचा, आणि वना चहा घ्यायचा. त्या चहाची चव आठ महिने त्याला कळली नाही. गोळा पेटीत, धोतराच्या घडीत ठेवलेला. बायकोला संशय आला तर म्हणाला, बैलगाडीचं बेअरिंग आहे. घरात बैल नसून सहा वर्षं झाली होती.

रविवारी तो पारोळ्याहून एसटीनं जळगावला गेला. खिशात रुमाल, रुमालात गोळा.

सराफ बाजारातल्या एका बोळात, जिना चढून वर, युसूफभाईचं काम चालतं. साठीचा कारागीर, सोन्यात खडे बसवण्यात आयुष्य गेलेलं. सारिका आधीच बसली होती. तिनं लहानशी डबी उघडली. ज्वारीच्या दाण्याएवढा हिरा, किंचित पिवळसर. शेजारी सीलबंद डबा, उरलेल्या राखेचा. युसूफभाईनं विचारलं, खडा कुठला? सारिकानं सांगितलं. म्हातारा उठला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घेऊन हात धुतले, धुतलेल्या फडक्याला पुसले आणि मग चिमटा उचलला.

"हमारे में तो मिट्टी में ही देते हैं, बेटा," तो म्हणाला. "लेकिन माँ है तो हात साफ पाहिजे."

तासाभरात अंगठी झाली. सारिकानं ती बोटात घातली आणि रडायला लागली. म्हणाली, "काका, शेवटच्या वर्षात मी दोनदा आले. दोनदा! आता निदान चोवीस तास बरोबर राहील."

वनाला वाटलं, राहू द्यावं. कोण मरतंय सांगितल्याशिवाय? हिऱ्यावर काय नाव लिहिलंय? पण त्याच्या डोळ्यांपुढे तो प्रेमराज आला, कमरेएवढ्या पाण्यात, डोळे मिटून. त्यानं रुमाल काढला, उलगडला आणि गोळा काचेच्या कपाटावर ठेवला.

"हाई काय?" सारिका एकदम गावाकडचं बोलली.

"तुनी मायना खुबा. धुळाले बसाडेल व्हता तो."

मग त्यानं सगळं सांगितलं. लिंब, वावटळ, हिलाल, जड मडकं, संगम. थांबत, श्वास घेत, पण काही न गाळता. युसूफभाई मान खाली घालून हत्यारं पुसत राहिला, पुसलेलीच परत पुसत राहिला. सारिका चिडली. चिडणारच. "आठ महिने! आठ महिने तुम्ही मला रोज सांगू शकला असता!" असं ओरडली. मग म्हणाली, "मग ही कोण आहे?"

"कमलवहिनी."

रागावलेलं माणूस अजून रागावतं, तसं झालं नाही. तिनं अंगठी बोटातून अशी उपसली जणू चटका बसला. कपाटावर ठेवली. पुन्हा तिच्याकडे बघेचना.

"कमलकाकू," ती पुटपुटली. "दुसरी कुणी नव्हती का हो? कमलकाकूच?"

वनाला ते काही उमगलं नाही. त्याला वाटलं, आईची वैरीण म्हणून नको झाली.

मग तिनं विचारलं, "आई कशी गेली पाण्यात?"

"चांगली गयी. तिनं नाव लिसन सोडी मी. तिले तापीच पाहिजे व्हती बेटा. माले सांगेल व्हतं तिनी. मी तुले सांगं नही, ती बी मनीच चूक."

सारिकानं गोळा उचलून पदराला पुसला, पर्समध्ये ठेवला. अंगठीची डबी आणि राखेचा डबा वनाकडे सरकवला.

"प्रेमराजदादाला द्या. त्याचं आहे ते."

"तूच चाल ना. तुना हातथीन दे."

"मी नाही येऊ शकत त्या दारात. काका, नका सांगू मला." आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

आता परत वनाच! जणू याच्या पाठीला हमालाचा बिल्ला लावलाय. तो डबा मांडीवर घेऊन एसटीत बसला. एरंडोल गेलं तरी कंडक्टरला तिकिटाचे पैसे द्यायचं भान नव्हतं. कमलबाई, तो मनात म्हणाला, तुला जिवंतपणी कुणी जळगाव दाखवलं नाही, आता बघ बाई खिडकीतून.

प्रेमराज ओट्यावर हातपाय धूत होता. वनानं उभ्याउभ्याच सांगितलं, बसायची हिंमत नव्हती. ऐकताना प्रेमराजच्या हातातला तांब्या हळूहळू कलंडत गेला, पाणी ओट्यावरून ओघळून खाली गेलं.

"आठ महिना तू मनासंगे चहा पिधा," तो म्हणाला. "आनि एक शबद बोलना नही. मी कोनले जाय म्हनी ऱ्हायंतू नदीमा? आनि मनी माय तठे मशीनमा एकली?"

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वनाला वाटलं. प्रेमराजनं मारलं नाही. त्यानं राखेचा डबा दोन्ही हातांनी घेतला, छातीशी धरला आणि तसाच ओल्या ओट्यावर बसला. अंगठीच्या डबीला मात्र हात लावला नाही.

"हाई बी तुनीच माय शे," वना म्हणाला.

"माहीत शे. लेवाव नही मी."

"का रे?"

"काका, सुंदरकाकूना घरनी अंगठी मना घरमा उनी, हाई गाव देखी. मंग काय म्हनतीन? एक मायनी लिधी, दुसरी पोऱ्यानी लिधी." त्यानं डोळे पुसले. "मायनं तेवढंच व्हतं, घेतली नही म्हने ते. ते बी मी घालाडू का?"

एकतीस वर्षं वनानं मेलेल्या माणसांचं सगळं निगुतीनं केलं होतं, पण मेलेल्या बाईवरचा डाग काढायची रीत त्याला कुणी शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं संगमावर गेले. त्याच जागी, तसाच प्रेमराज पाण्यात. या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत, डब्यात नीट बघितलं, मग ओतलं. "सुंदरकाकू बी आठेच शे व माय," तो म्हणाला. "भांडू नका दोन्ही." परतताना तो वनाशी बोलला नाही, पण स्टँडवर उतरल्यावर दोन चहा सांगितले.

अंगठी वनाच्या पेटीत गेली, गोळ्याच्या जागी. अस्थी घरात आणायची नाही म्हणणारा हा माणूस, आणि कमलबाई याच्या धोतराच्या घडीत! त्यानं सारिकाला फोन केला, प्रेमराजचं म्हणणं शब्दाला शब्द सांगितलं. तो म्हणाला, "थकनू बेटा मी. हाई मना हातथीन व्हनार नही. तू ये." तिनं फोन ठेवला. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, तिचा फोन नाही. वनानंही मग कानाला खडा लावला.

एप्रिलमध्ये वर्षश्राद्धं आली. सुंदरबाईच्याला सारिका आली, सगळं रीतसर केलं. परत जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण गाडी अंगणातच. दोन दिवसांनी समोरच्या घरी कमलबाईचं. भाऊबंदकी अंगणात पंगतीला बसलेली, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढणं चाललं होतं. तेवढ्यात सारिका गल्ली ओलांडून आली. पंचवीस वर्षांत त्या घरातलं कुणी या अंगणात पाय ठेवला नव्हता. वाढणारे थांबले. ती वनापाशी आली, हात पुढे केला. डबी दोन दिवस त्याच्या खिशातच होती. त्यानं दिली.

सारिका पंगतीच्या मधोमध उभी राहिली.

"आईची अंगठी कमलकाकूनं घेतली नव्हती," ती म्हणाली. "मी घेतली होती. चौदा वर्षांची होते. नवरीसारखी बोटात घालून बघितली, सैल होती. हात धुताना विहिरीत पडली. घरी आले तर आईनं आधीच कमलकाकूचं नाव घेतलेलं. मी घाबरले, गप्प बसले. काकूनं प्रेमराजदादाच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मी दाराआड उभी होते. मी बघत होते सगळं. आणि मग पुढे पंचवीस वर्षं गप्पच बसले."

कुंदाबाईच्या हातातला बट्टीचा तुकडा हातातच राहिला.

"ही अंगठी माझ्या आईची नाही," सारिका डबी उघडत म्हणाली. "यात कमलकाकू आहे."

मग वनाला उठावंच लागलं. गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि आपली चूक सगळ्यांदेखत सांगितली. हिलालचं नाव त्यानं घेतलं नाही. पंगतीत कुजबुज सुरू झाली. कुंदाबाईला तोंड फुटलं, "आते याना हातमा कोन देई व आपलं मानूस?" वनानं ऐकलं. त्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मनातून हायसंही वाटलं.

सारिका प्रेमराजपुढे गेली आणि पायाला हात लावायला वाकली. त्यानं तिला मध्येच धरलं. तिनं अंगठी त्याच्या तळहातावर ठेवली. पोत्यांनी घट्टे पडलेला तो तळवा, त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी चमक. त्यानं मूठ मिटली. मग वळून घराकडे निघाला.

उंबऱ्यापाशी मात्र थांबला. सवयीनं थांबला. मागे वळून वनाकडे बघितलं. सगळी पंगतच वनाकडे बघायला लागली, कुंदाबाईसुद्धा. आत्ता दोन मिनिटांपूर्वी याच्या हाती कोण देईल म्हणणारी माणसं! पण रीत विचारायची तर वनालाच.

"काका," प्रेमराज म्हणाला, "अस्थी घरमा लई जातस का?"

वनाला एकतीस वर्षांत हा प्रश्न कितीदा विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी त्यानं एकच उत्तर दिलं होतं. त्यानं त्या दाराकडे बघितलं. याच दारातून चोवीस वर्षं कमलबाई मान खाली घालून बाहेर पडायची आणि मान खाली घालून आत यायची.

"अस्थी नही रे ती," तो म्हणाला. "तुनी माय शे. तिनं घर शे. ले मधमा."

प्रेमराज आत गेला. सारिका अंगणातच उभी होती, पर्समधला गोळा दोन्ही हातांत धरून. हिलालनं सरकून पंगतीत जागा केली आणि तिच्यापुढे पत्रावळ टाकली. वना खाली बसला. त्याला फार भूक लागली होती.